डाव्या कानातली शिट्टी

त्या उन्हाळ्यात बजाजनगरातल्या आमच्या गल्लीला टँकरशिवाय पाणी नव्हतं. घरमालकीण काकूंच्या बोअरला तेवढं थोडं उरलं होतं, आणि मोटार कोरडी फिरून जळेल याची त्यांना सारखी धास्ती असायची. एका सकाळी मला बारीक, लांबलेला आवाज ऐकू आला. मी धावत खाली गेलो.

"काकू, मोटार चालूच राहिली बघा."

"कालपासून बंद हाय की," त्या म्हणाल्या.

मी मोटारीवर हात ठेवला. ती गार होती. शिट्टी माझ्या डाव्या कानात वाजत होती.

तेव्हा मी आणि माझा दोस्त, आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटरवर नाचायचं संगीत तयार करायचो. मी पिशोरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. तो शहरातला, त्याच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वाळूजच्या एका कारखान्यात आमची गाठ पडली. आधी लग्नातल्या डीजेवाल्यांना गाणी मिक्स करून दिली, मग स्वतःच्या धुना बनवायला लागलो. दुष्काळानं खेड्यातल्या वराती गप झाल्या होत्या, पण शहर चिकलठाण्याच्याही पुढं सरकत होतं आणि तिथल्या नव्या हॉटेलांतून आम्हाला बोलावणी येत होती. त्या भरवशावर दोघांनीही नोकरी सोडली होती.

म्हणून कानाचं मी कुणालाच सांगितलं नाही. गावी परत जावं तर वडील चाऱ्याच्या शोधात मेंढरं घेऊन कधीच बाहेर पडले होते. रोज उठलो की मी कानाशी बोटं चोळून बघायचो. उजवीकडं पुसटशी सरसर ऐकू यायची. डावीकडं काहीच नाही.

"लई टोचतंय रे हे," दोस्त एकदा म्हणाला. "झांजेचा आवाज एवढा का चढवलास?"

"मला तर कमीच वाटतोय."

त्यानं नुसती झांज लावली. पडद्यावरची, आवाज दाखवणारी हिरवी पट्टी वरखाली व्हायला लागली.

"आता येतोय?"

"व्हय, येतोय," मी पट्टीकडं बघत म्हणालो.

त्यानं हात वर केला. स्पीकरची काढलेली वायर त्याच्या हातात होती.

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं, पण त्याचाच चेहरा उतरला होता. "चल, दाखवून येऊ," एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी वाट बघत राहिलो, आणि काचेपलीकडं त्या काहीतरी लिहीत राहिल्या. आवाज येऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "असंच चालू ठेवलंत तर उरलंय तेही जाईल."

माझ्यामागून दोस्तही आत जाऊन बसला. का, ते मी विचारलं नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर तोच म्हणाला, "माझंबी थोडं गेलंय. कधी कधी मीही पडद्याकडं बघून हो म्हणतो. म्हणून तर तुझं कळलं."

पुढच्या कार्यक्रमात आयोजक आवाज वाढवा म्हणून मागंच लागले. दोस्तानं वाढवला नाही. तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि हळूहळू इतर ठिकाणचंही बंद झालं. आता आम्ही कुठं वाजवायला जात नाही. हळू आवाजात धुना बनवतो आणि दुसऱ्यांना देतो. त्या पुण्या-मुंबईत वाजतात, असं ऐकतो.

धून बाहेर पाठवायच्या आधी दोस्ताची बायको ती ऐकते. ती शाळेत शिकवते, तिचे कान शाबूत आहेत. ती हेडफोन लावून डोळे मिटते, आणि आम्ही दोघं तिच्या कपाळाकडं बघत बसतो. तिथं एखादी आठी उमटली, तर आम्हाला ऐकू न येणारं त्यात काय राहून गेलं असेल, हे मी पडद्यावरच्या हिरव्या पट्टीत शोधायला लागतो.