विजेचा रस्ता मोजणारे भाऊ

अख्ख्या चांदा जिल्ह्यात विजेला आमच्या भाऊंइतकं घाबरणारा दुसरा माणूस नव्हता, आणि तिथल्या जंगलातून विजेची लाइन कुठून न्यायची हे ठरवायची नोकरी नेमकी भाऊंचीच होती. ते वीज खात्याचे सर्व्हेअर, मी त्यांच्या हाताखाली मोजणीची साखळी ओढणारा हंगामी खलाशी, म्हणजे मजूरच. सातवीत गणिताने मला शाळेबाहेर काढलं आणि माणदेशाच्या उघड्या माळावरून मी थेट या सागाच्या अंधारात येऊन पडलो. पान वाजलं तरी मला वाघ दिसे. भाऊ म्हणत, "वाघाले काऊन भेतं बे? वाघ दिसते, गुरगुरते. हे वीजबाई दिसत नाई, बोलत नाई. मी तिचा रस्ता मोजून देतो. तिच्या घरी जेवाले नाई जात!"

हा नियम ते कडक पाळत. चांद्याला गेले की खांब टाळायला रस्त्याच्या मधोमध चालत, मागचा बैलबंडीवाला कितीही ओरडो. न्हाव्याच्या दुकानात दिवा होता, म्हणून खुर्ची बाहेर ओढून भर बाजारात हजामत करून घेत. खात्याने दिलेली बॅटरी जुन्या धोतरात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलेली, आणि ती पेटी माझ्या उशाशी!

जंगलात मात्र हाच माणूस राजा. एकदा मूल गावाच्या पुढे ते दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. लांबवर मी निशाणाची काठी धरलेली. आमच्या दोघांच्या मधे मोहाखालून अस्वल निघालं. मी काठी टाकून झाडावर. भाऊंनी डोळासुद्धा हलवला नाही. "ए उलट्या, बाजूले हो बे! लाइन अडून राह्यली!" त्या अस्वलाशी असं कोणी बोललं नसावं. ते मुकाट बाजूला झालं. मग भाऊ माझ्यावर कडाडले, "अन् काठी कुठी गेली?"

सर्व्हे संपत आला तशी माझी झोप उडाली. हंगामी खलाशी घरी जाणार होते. गावात आई सगळ्यांना सांगत होती, पोरगं सरकारात लागलं. तिला तोंड कसं दाखवू? भाऊ म्हणाले, "चाल, साहेबाले सांगतो."

भाऊंचा साहेबांशी सगळा कारभार व्हरांड्यातल्या खिडकीतून चाले, कारण खोलीत विजेचा पंखा होता. त्या दिवशी पंखा एवढा खडखडत होता, की साहेबांना काही ऐकू जाईना. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आत गेले. मी खिडकीशी.

"साहेब, हा पोट्टा अस्वलाले भेते, पण साखळी ढिली सोडत नाई. त्याले ठेवा."

साहेब हसले. "बरं. हेडक्लार्कला बोलवा. ती घंटी दाबा."

टेबलावर विजेच्या घंटीचं काळं बटण होतं. भाऊ त्याच्याकडे असे बघत राहिले, की मीच म्हणणार होतो, राहू द्या भाऊ, मी जातो गावी. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले आणि बोट टेकवलं. दाबलं ते दाबलंच. सोडायचं त्यांना सुचेना. घंटी ठणाणत राहिली. हेडक्लार्क आला, पट्टेवाले आले, कुठे आग लागली म्हणून माळी पाण्याची बादली घेऊन आला. "अहो सोडा!" साहेब ओरडले. माझं नाव कायम झालं ते त्या गोंधळात. बाहेर आल्यावर भाऊंनी बोट डोळ्यांपुढे धरून उलटसुलट तपासलं. "आहे बे," म्हणाले. पण संध्याकाळी भाताला ते बोट लावलं नाही.

पुढे भाऊ निवृत्त झाले आणि त्यांनीच मोजलेल्या रस्त्याने वीज त्यांच्या गावात गेली. त्यांच्या पोराने घरात दिवे घेतले, भाऊंच्या खोलीतही एक, पण तिथे जळायचा कंदीलच. मी गेलो की म्हणत, "आला? दाब आता." मी बटण दाबायचो. दिव्याखाली आमच्या गप्पा, ते अस्वल दर वेळी थोडं मोठं. निघताना हुकूम ठरलेला, "बंद करून जा बे, मले नाई जमत."

शेवटच्या भेटीत ते अंथरुणावर होते. निघताना मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"राहू दे आज," भाऊ म्हणाले. "तू इथीच आहे, असं वाटते."

एस.टी.ची वेळ झाली होती. बाहेर येऊन मी वळून पाहिलं. खिडकीत उजेड होता.