नियमात न बसलेली डॉक्टरीणबाई

जिल्हा परिषद नवी होती आणि मीही. बुलढाण्याच्या कचेरीत शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या औषधपाण्याच्या खर्चाची प्रकरणं तपासायला मला बसवलं, आणि माझ्या हाती लाल शाई आली. नियम सोपा होता. सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जा, त्याचा दाखला आणा, खर्च मिळेल. तुम्हाला कोणाच्या हातचं औषध लागू पडतं, हे सरकारने विचारलेलं नव्हतं.

लोक शहाणे होते. ज्याच्यावर भरवसा त्याच्याकडून बरे होऊन यायचे आणि दाखला नेमलेल्या डॉक्टरकडून आणायचे. हे मला ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं, शिपायालाही ठाऊक होतं. कागद बरोबर असला की मी सही करायचो आणि नियम पाळला गेल्याच्या समाधानात चहा प्यायचो.

फक्त दुसरबीडच्या एका मास्तरांना ही रीत कळली नाही. बायकोच्या गर्भाशयाचं ऑपरेशन त्यांनी मेहकरला एका खाजगी डॉक्टरीणबाईंकडे करून घेतलं आणि अर्जात तसंच लिहिलं. वर आणखी लिहिलं, "नेमलेले डॉक्टर पुरुष आहेत. पत्नीचा विश्वास या बाईंवर आहे." मी लाल शाईत शेरा मारला, 'नियमात विश्वासाची तरतूद नाही.' या वाक्यावर मी इतका खूश झालो की रात्री जेवताना बायकोला मास्तरांचा अर्ज नकला करून ऐकवला.

ती हसली नाही. तिला चौथा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती.

"कोन हाय थे डॉक्टरीन?" तिने विचारलं.

"मेहकरची कोनी. नियमात बसत नाही."

"मले तिच्याकडंच न्या."

मी तिला समजावलं, की ज्या नियमाने मी मास्तरांना परत पाठवतो तो मीच कसा मोडू. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मांगच्या दोन्ही वक्ती डॉक्टरसायबानं इचारलं, काय होते. मी काय सांगनार हाव परक्या मानसाले? पदर तोंडाले लावून बसली. आता तिसरं बी तसंच जाऊ देऊ काय, तुमच्या नियमापायी?"

खरं सांगायचं तर तोवर मला हे माहीतच नव्हतं, की त्या दोन्ही वेळा ती डॉक्टरपुढे गप्प बसली होती. मी बाहेर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

तिचं माहेर मेहकरजवळच, त्यामुळे जायला निमित्त होतं. पहिल्या तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ माझ्या बायकोचा आवाज येत होता. ही बाई इतकं बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवस भरले आणि मेहकरलाच मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून मीही रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टीची वाटते.

बुलढाण्याला परतल्यावर मी नेमलेल्या डॉक्टरांकडे गेलो. ते सज्जन गृहस्थ होते. लेखणी उघडून म्हणाले, "बाळंतपण कसं झालं ते सांगा, म्हणजे मी कसं केलं ते लिहितो." मी सांगितलं, त्यांनी केलं. घरी बायकोने विचारलं म्हणून दाखला वाचून दाखवला.

"म्हंजे मी त्या दिवशी बुलढान्याले होती?"

"कागदावर."

"अन् थ्या बाईनं रातभर जागून जे केलं थे?"

मी दाखल्याची घडी घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत शिकलो होतो. ती माझ्यासाठी होती हे शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

बाळंतपणाच्या खर्चाचं माझं प्रकरण साहेबांच्या टेबलावर गेलं. एकही खाडाखोड नाही, सगळे कागद जागच्या जागी. साहेब फार प्रसन्न झाले. म्हणाले, "याची नक्कल काढा आणि त्या दुसरबीडच्या मास्तरांना नमुना म्हणून पाठवा. कळू द्या त्यांना, प्रकरण कसं असतं." सोबतचं पत्र अर्थातच मी लिहिलं. 'नमुन्याप्रमाणे दाखला जोडून अर्ज पुन्हा सादर करावा.'

अर्ज आला नाही. आठवड्याभराने पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं.

"नमुना मिळाला. आमच्या पत्नीला त्या डॉक्टरांनी पाहिलेलं नाही, तेव्हा तसा दाखला जोडता येत नाही. क्षमा असावी. परवा तपासणीला मेहकरला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंना बुलढाण्याच्या कचेरीचं नाव निघताच आठवण झाली. तुमच्या मुलीचं वजन वाढलं का, असं त्यांनी विचारलं आहे. कृपया कळवावे."

कार्डावर आवक क्रमांक टाकला. शेऱ्यासाठी लाल शाईत टाक बुडवला आणि तो वाळेपर्यंत तसाच धरून बसलो. मुलीचं वजन वाढलं होतं. ते मास्तरांना कळवण्याची हिंमत मला झाली नाही.