दगाभाऊंची जिवंत गिऱ्हाइकं

दगाभाऊ उधन्याच्या एका एजन्सीत हप्त्यावर शिलाई मशीन विकायचे. खरं सांगायचं तर विकायचे कमी, चहा जास्त प्यायचे. पांडेसऱ्याच्या चाळींतली आपली खानदेशी माणसं दारात आलेल्या गाववाल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. "आखाजी होऊ दे भाऊ, मंग देखसूत," म्हणत कप पुढे करतात. दगाभाऊ ते खरं धरायचे आणि ऑफिसात येऊन सांगायचे, "पार्टी पक्की."

अठ्ठ्याण्णव साली कुंदनशेठनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यापुढे मला बसवलं. दगाभाऊंची गिऱ्हाइकं त्यात घातली, तर एकूणएक 'जिवंत', म्हणजे अजून घेणार म्हणणारी. मरायला कुणी तयारच नाही!

शेठ म्हणाले, "दगाभाई, बधी पार्टी पक्की, तो मशीन गोदाम में क्यों पड़ा है? जो नहीं लेगा, उसको बाद करो. नहीं तो आप बाद."

बाद करताना कारण भरावं लागे. ऐपत नाही, दुसरीकडून घेतलं, घर सोडलं. 'दगाभाऊंचा मान राखला' हे कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं.

पन्नाशी उलटलेली, दोन मुली लग्नाच्या. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? दगाभाऊ होकार-नकार विचारत निघाले. शेठनी खात्रीला मलाही सोबत धाडलं.

"राग उना का भाऊ?" लोक हसत विचारायचे, आणि एकदाचं नाही म्हणून सुटायचे. दगाभाऊंचा चेहरा दारागणिक उतरत गेला.

शेवटी सुभद्राबाई. नवऱ्याचा हात रंगाईच्या कारखान्यात भाजलेला, तो घरीच. बाई साड्यांना टिकल्या चिकटवून घर चालवायची. तिनं चहाचं आधण ठेवलं. दगाभाऊ उंबऱ्यातच उभे.

"वहिनी, चहा नको. हा का नही, येकच सांग."

"आसं काय करतस भाऊ? देखसूत ना."

"देखसूत नको. आज सांगनं पडी."

बाई खिडकीकडे बघत राहिली. पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या खोलीत खिडकीखालचा कोपरा तेवढा झाडूनपुसून मोकळा होता.

"मशीनसाठे ठेयेल शे ती जागा," ती म्हणाली. "उजेड तठेच येस."

इतका वेळ आम्हाला वाटत होतं, ही पण मान राखतेय.

"राहू दे वहिनी. मी आसंच विचारं."

"नही भाऊ. तू विचारं, मी सांगस. नही लिखी टाक." ती उठली, पत्र्याची पेटी ओढत नेली आणि त्या कोपऱ्यात लावली.

मी 'ऐपत नाही' भरलं. शेठ खूश झाले. दगाभाऊंची नोकरी राहिली. त्यांनी स्वतःहून गुजराती वस्तीचं कतारगाम मागून घेतलं. तिथे दार अर्धंच उघडतं, "नथी जोईतुं", नको, एवढंच ऐकू येतं आणि ते बंद होतं.

"जमतंय का भाऊ?" मी एकदा चिडवलं.

"सोपं आहे रे. स्पष्ट बोलतात."

राहायला मात्र ते पांडेसऱ्यातच होते. सुभद्राबाईची गल्ली टाळून, लांबचा वळसा घालून घरी जायचे.