कोंबडीसकट हलवलेली भट्टी

आज रविवार, भरे गावातलं आमचं घर. हजर: मी एकटी. घर विकलं आहे, उद्या ताबा द्यायचा. बाकी सामान गेलं. मागच्या अंगणात मांस भाजायची, झाकणाची चिनीमातीची अवजड भट्टी तेवढी उरली. झाकण उचललं, तर जुन्या कोळशाचा वास आला. विशेष काही वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझे पती सुधीर तिच्यात पहिल्यांदाच कोंबडी भाजत होते. शेजारचे बाळूभाऊ कुंपणापाशी आले. "वहिनी, आमची म्हातारी माळकरी हाय. धूर थेट तिच्या देव्हाऱ्यात जातुया."

"भट्टी पलीकडे नेऊ," सुधीर म्हणाले, "पण झाकण उघडायचं नाही. कोंबडी वाया जाईल."

"एवढी लाडाची असंल तर कोंबडीसकट उचला की. डोलीतली नवरी समजा."

बाळूभाऊंनी दोन भावांना हाक मारली. ओली पोती गुंडाळून, खाली बांबू घालून चौघांनी ती पेटती भट्टी दुसऱ्या टोकाला नेली. सुधीर पुढे, घामाघूम, हसत. मी मागून सूचना देत होते. तेव्हा मला काळजी फक्त नव्या फरशीची होती.

सुधीरना जाऊन वर्ष होत आलं. मघाशी बाळूभाऊ विचारून गेले, "वहिनी, कवा उचलायची?"

"आधी आतली राख काढते," मी म्हटलं.

सुधीरनी शेवटचं भाजलं, त्याची ती राख आहे. दुपार झाली. अजून काढायची आहे.