निकलचा साज

मलकापूरच्या दुकानदाराने खोक्याची सुतळी कापली, वरचं गवत बाजूला केलं आणि आतला लेगगार्ड दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवला. पंपाचा पट्टा घ्यायला आलेला एक शेतकरी पुढे झाला आणि त्या वाकवलेल्या नळीत वाकून पाहू लागला. नळीत त्याचं तोंड लांबट दिसत होतं. त्याने पागोटं सरळ केलं आणि पुन्हा पाहिलं.

"हे लोखंड हाय?"

"आतून लोखंड. वरून क्रोम," दुकानदार म्हणाला.

"म्हंजे निकल."

"निकलच म्हना."

मुंबईहून रेल्वे पार्सलने आलेल्या त्या खोक्यात आणखी दोन वस्तू होत्या. एक दिव्यावर बसवायचं छप्पर आणि एक पुढच्या मडगार्डवर लावायची पट्टी. तिन्ही वस्तू माझ्या थोरल्या भावाच्या फटफटीसाठी होत्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या पिंपळगाव राजात तेव्हा दोन फटफट्या होत्या, आणि त्यातली एक बंद होती.

भावाची फटफटी सरकारी लिलावातली, काळी, कुठेही चकाकी नसलेली. ती त्याने शौकासाठी घेतली नव्हती. सहा वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून घसरून चाकाखाली आला होता. चाकाची लोखंडी धाव डाव्या नडगीवरून गेली. हाड जुळलं, पण पाय चार बोटं आखूड राहिला. पायी चालताना तो प्रत्येक पावलाला डावीकडे झुकायचा. फटफटीवर बसला की हे दिसत नसे. सगळा गाव त्याला चालताना ओळखायचा, तसा तो बसल्यावर ओळखू येत नसे.

त्या वर्षी मार्गशीर्षात त्याचं लग्न करायचं ठरलं. मुलगी जानेफळची. पायाचं आधीच सांगितलं होतं, मुलीनेही पाहिलं होतं, त्यावरून काही अडलं नाही. अडलं परण्यावरून. आमच्याकडे नवरदेव जानोशातून, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्यातून निघतो, घोड्यावरून मारुतीला जातो, आणि तिथून मांडवात येतो. त्याला परण्या म्हणतात. घोड्यावर चढताना डावा पाय रिकिबीत टाकून सगळं अंग त्यावर उचलावं लागतं. भावाला ते जमत नसे. एका मित्राच्या लग्नात त्याने गंमत म्हणून चढून पाहिलं होतं. तिघांनी त्याला खालून धरून वर ढकललं आणि वाजंत्री हसले.

बैठकीत तो एवढंच म्हणाला, "परण्या निघंल. पन मी माझ्या फटफटीवर येईन. मले कोनी उचलून बसवाचं नाही."

मुलीचा चुलता बैठकीला होता. आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने पान तोंडात एका बाजूला सारलं. "या ना. पन घोड्याले साज असते, जवाई. झूल असते, गोंडे असतेत. तुमच्या त्या काळ्या डब्याले काय हाय? पोस्टमन आला म्हनतीन लोकं."

सगळे हसले. भाऊही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने मलकापूरच्या दुकानातून सामान मागवलं.

सामान घरी आल्यावर ते बसवायला एक सकाळ लागेल, असा आमचा अंदाज होता. मडगार्डची पट्टी बसायला चार दिवस लागले. तिची भोकं आमच्या मडगार्डच्या भोकांपासून अर्धं बोट पुढे होती. गावच्या लोहाराने नवी भोकं पाडली तेव्हा मडगार्डचा पत्रा दबला. दिव्याचं छप्पर दिव्याच्या कड्यापेक्षा मोठं निघालं आणि वेगात वाजू लागलं. त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, मग ते गप्प झालं.

लेगगार्ड मात्र बसेना. तो फटफटीच्या पुढच्या नळीला दोन बाजूंनी दोन पट्ट्यांनी आवळायचा होता. पट्ट्या ढिल्या. बोल्ट आमचे आणि नट त्यांचे घेतले तर आटे जुळत नव्हते, बोल्ट त्यांचे आणि नट आमचे घेतले तरी जुळत नव्हते. लोहाराने एक नट जोर लावून फिरवला. तो दोन आटे गेला आणि अडकला, पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी कापून काढावा लागला.

रात्रभर दव पडतं म्हणून भाऊ लेगगार्ड जुन्या धोतरात गुंडाळून घरात ठेवायचा. ही बातमी पारावर गेली.

"काऊन बे, तुमच्या फटफटीले पोरगं झालं म्हनतेत?" एकाने मला विचारलं. "धोतरात निजवता म्हने."

"बारशाले बोलाव," दुसरा म्हणाला.

कसातरी दुसरे नट-बोल्ट लावून, ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून लेगगार्ड आवळला आणि आम्ही दोघं नांदुऱ्यापर्यंत जाऊन आलो. परत येताना डावी पट्टी सुटली. गार्ड एका बाजूने लोंबू लागला. आम्ही नट शोधत अर्धा कोस मागे चालत गेलो. नट सापडला नाही. उजवी पट्टी जागची हलली नव्हती. पुन्हा आवळला, पुन्हा डावीच सुटली. तिसऱ्यांदाही डावीच. लोहार म्हणाला, मुंबईवाल्यांनी डाव्या बाजूचा मालच खराब दिला. आम्हालाही तसंच वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गार्ड काढलेलाच होता. आमच्याकडे त्या दिवशी घरातला सगळा धातू घासून काढतात, दुसऱ्या दिवशी हत्यारांची आणि वाहनांची पूजा असते. माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तिने समया, तांबे, घंगाळ, विळे अंगणात मांडले आणि चिंच-राखेने घासायला घेतले. त्या रांगेत तिने लेगगार्डही घेतला. भाऊ शेतातून आला तेव्हा तो धुऊन उन्हात ठेवलेला होता.

पितळेला चिंच आणि राख लागतात. क्रोमला राख लागली की बारीक ओरखडे पडतात. गार्डच्या पुढच्या भागात आता तोंड दिसत नव्हतं, नुसता उजेड दिसत होता.

"लख्ख केलं पाह्य," आत्या म्हणाली. तिची बोटं चिंचेने पांढरी पडली होती. "तुह्या परण्याचं हाय म्हनून दोनदा घासलं."

भाऊ गार्डजवळ बसला. त्याने त्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता तो चिडेल. तो म्हणाला, "लय चांगलं केलं, आत्याबाई." मग तो उठून गोठ्याकडे गेला आणि जेवायची वेळ होईपर्यंत आला नाही.

लग्नाला दोन महिनेच राहिले होते.

मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, एक म्हातारा फिटर होता; त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दुकानदाराने त्याचंच नाव सांगितलं, पण असंही सांगितलं की हंगाम सुरू व्हायच्या आधी जिनची सगळी यंत्रं तोच खोलतो, तुमच्यासाठी थांबणार नाही. आम्ही गेलो तेव्हा तो जिनच्या यंत्राच्या रुळांखाली आडवा झोपून काही तरी घट्ट करत होता. लेगगार्ड तात्पुरता तारेने बांधलेला होता. भावाने सगळी हकीकत सांगितली. आटे, ढिल्या पट्ट्या, राख, मुंबईचा खराब माल.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "चालवून दाखवा."

"काय?"

"गाडी. फाटकापासून त्या वजनकाट्यापर्यंत. जा, या."

भाऊ गेला आणि आला. मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. त्याने पुन्हा जायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू, माणूस चालतो त्या चालीने. माझ्या लक्षात काहीच आलं नाही. इंजिनचा आवाज ऐकतो आहे, असं मी समजलो.

भाऊ उतरला. मिस्त्री गार्डच्या डाव्या बाजूशी उकिडवा बसला आणि आडव्या नळीवर एका जागी अंगठा ठेवला. तिथे क्रोमवर एक काळपट पट्टा होता, रुपयाएवढा रुंद. आम्ही तो राखेचा डाग समजलो होतो. मिस्त्रीने तो नखाने खरवडला. नखात काळं रबर आलं. बुटाच्या तळव्याचं रबर.

तेव्हा मला दिसलं, आणि भावालाही दिसलं असावं. भावाचा डावा पाय खालच्या टेकायच्या दांडीपर्यंत पोचत नव्हता. तो लोंबत असे, आणि भाऊ हाताच्या ब्रेकवरच भागवत असे. गार्ड लागल्यापासून भाऊ नकळत तो पाय गार्डच्या नळीवर रोवून बसायचा. प्रत्येक खड्ड्याला अर्ध्या अंगाचा भार त्या एका पट्टीवर यायचा. मालात दोष होता, पण डावीच बाजू सुटत होती ती मालामुळे नव्हे. इतके आठवडे आम्ही नट पाहत होतो. या माणसाने तीन फेऱ्यांत बसणारा पाहिला.

मिस्त्री उठला. पायाविषयी तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "दांडी जरा खाली लागून राह्यली गाडीची. कंपनीवाले उंच मानसाच्या मापानं बनवतेत. वर घेऊ. ब्रेकही वर घ्या लागंल. आठ दिवसांनी या."

पुढचं काम मी तिथेच थांबून पाहिलं, कारण भावाने मला गाडीजवळ ठेवलं आणि तो एसटीने परतला. त्या आठ दिवसांत मिस्त्रीने जिनचं काम सोडलं नाही. दुपारच्या जेवणाच्या सुटीत आणि संध्याकाळी भोंगा झाल्यावर तासभर तो गाडीकडे यायचा. पट्ट्यांसाठी त्याने लोखंड भंगारातून निवडलं, मोडक्या बैलगाडीच्या चाकाची धाव. म्हणाला, असं लोखंड आता मिळत नाही, वीस वर्षं खडीवर घासलं तरी तुटलेलं नाही. धाव तापवून, ठोकून त्याने दोन पट्ट्या केल्या. एकाही मापासाठी त्याने कागद घेतला नाही. सुताचा एक दोरा नळीला गुंडाळायचा, दातात धरून गाठ मारायचा आणि तो दोरा ऐरणीशेजारी ठेवायचा. क्रोमला पक्कड लागू नये म्हणून त्यावर ओलं कापड, कापडावर चामडं. गार्ड वाकवावा लागेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तापवला तर निळा पडेल, गार वाकवला तर क्रोम सोलून निघेल. "हा नाही वाकनार. आपन वाकाचं." आणि पट्ट्या गार्डच्या वळणाप्रमाणे पुन्हा तापवल्या.

आटे त्याने स्वतः पाडले. नट बोटाने फिरवला तेव्हा तो आवाज न करता शेवटपर्यंत गेला. मी तो चार-पाच वेळा काढून पुन्हा लावला. त्या एका नटाने आमचा महिना खाल्ला होता, आणि आता तो दोन बोटांत फिरत होता. इतकं साधं काम इतकं अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी बरीच मोठी माणसं जवळून पाहिली, पण बघत राहावं असं क्वचितच काही दिसलं.

ओरखड्यांवर त्याने चाळलेली चुन्याची भुकटी आणि तेल लावून दोन संध्याकाळी फडक्याने घोटलं. सगळे गेले नाहीत. तोंड पुन्हा दिसू लागलं, पण थोडं धुकटलेलं.

भाऊ आला. बसला. डावा पाय त्याने खाली सोडला आणि तो दांडीवर टेकला. त्याने खाली पाहिलं. पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून दाबला. पुन्हा दाबला.

"या पट्ट्या कायच्या?" त्याने विचारलं.

"धावेच्या. दांडीबी धावेचीच."

भावाने एका पट्टीवरून बोट फिरवलं. मग हसला. "धावेनंच मोडला व्हता माझा पाय, मिस्त्री. आता तीच धरून ठेवते म्हना."

"मले काय मालूम," मिस्त्री म्हणाला, आणि रुळांखाली परत गेला.

मार्गशीर्षात जानेफळला गोरजाच्या वेळी परण्या निघाला. पुढे सनई-डफडे, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, मध्ये फटफटी, माणसाच्या चालीने. भावाने फेटा बांधला होता आणि नवे बूट घातले होते. लेगगार्डच्या वळणात सगळ्या बत्त्या एकदम उतरल्या होत्या. गल्लीतली घरं, लाल-पिवळे फेटे, वाजंत्र्यांचे गाल, सगळं त्या नळीवरून सरकत मागे जात होतं. ओट्यावर उभ्या बाया पायरीपर्यंत खाली आल्या. एका म्हाताऱ्याने गार्डला हात लावून तो कपाळाला लावला. त्याला कुणी हसलं नाही.

मारुतीच्या देवळासमोर गल्ली उतरती आहे. आम्ही गार्डच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून चाललो होतो, गाडी घसरली तर धरायला. भाऊ म्हणाला, "सोडा." आम्ही सोडलं. त्याने डाव्या पायाने ब्रेक दाबला आणि गाडी पायरीच्या वीतभर अलीकडे थांबली.

मुलीचा चुलता तिथे उभा होता. परण्याला घोड्याचा लगाम धरायचा मान त्याचा. त्याने सवयीने हात पुढे केला, पण धरायला लगाम नव्हता. क्षणभर हात तसाच राहिला. मग तो त्याने लेगगार्डवर ठेवला आणि तिथेच ठेवून मांडवापर्यंत चालत आला. सारखा खाली वाकून पाहत होता. मांडवाच्या दाराशी मला म्हणाला, "माझं तोंड दिसून राह्यलं बे याच्यात."

भाऊ स्वतः उतरला. उतरल्यावर त्याच्या नेहमीच्या चालीने, डावीकडे झुकत, बोहल्यापर्यंत गेला. लोक त्याच्याकडे पाहत होते आणि तोही लोकांकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी पुसायला घेतली. गार्डवर बोटांचे ठसे इतके होते की क्रोम दिसत नव्हतं. लहान, मोठे, हळदीचे, कुंकवाचे. ते पुसून मी डाव्या बाजूची आडवी नळी नीट पाहिली, मिस्त्रीने अंगठा ठेवला होता तिथे. बुटाचा डाग नव्हता.