डाव्या पायाचा दोष नव्हता

पाय गेला म्हणून त्यानं ट्रक सोडला, असं पातूरचे लोक अजून म्हणतात. ते खरं नाही. खरं काय ते बरीच वर्षं फक्त मला माहीत होतं.

ट्रक भाईचा आणि माझा, दोघांचा होता. परतवाड्याला संत्री भरायची, अकोल्याला उतरवायची. पहाटे तो चालवायचा, अंजनगावला चहा झाला की मी. गाडीची देखभाल माझ्याकडे होती.

थंडीत जुन्या गाडीचा क्लच जड होतो. नळीतलं तेल घट्ट झालं की पेडल खाली जायला कुरकुरतं आणि वर यायला आळस करतं. म्हणून इंजिन सुरू करून तो बराच वेळ पेडल हळूहळू दाबत बसायचा. "उठ ना माय, दिस निघून राहिला," असं गाडीला म्हणायचा. मी बाजूला घोंगडी पांघरून बसलेला.

"बसा भाऊ, नवरदेवावानी बसा. आमी आहोच हमाल!"

मागून संत्र्यांचा वास यायचा, काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरायची. तितका निवांत मी पुढं कुणाजवळ बसलो नाही.

एका हिवाळ्यात पेडल दाबताना तो गुडघ्यावर हात ठेवू लागला. गुडघा त्याचा आधीपासून थोडा दुखायचा. मी थट्टा केली, "म्हातारा झाला का रे, भाई?" तो हसला. मग एका सकाळी पथ्रोटजवळ समोर बैलगाडी आली. क्लच पुरता दबला नाही, गिअर अडकला आणि ट्रक बैलांपासून हातभर अंतरावर बंद पडला. तो खाली उतरून बांधावर बसला.

"बस झालं, भाऊ. माहा पाय गेला. उद्या कोणाले मारीन मी."

त्यानंतर तो ट्रकवर चढला नाही.

पुढच्या खेपेला पहाटे त्याच्या जागी मी बसलो. पेडल दगडासारखं लागलं. माझा पाय ठणठणीत, तरी कमरेतून जोर लावावा लागला. माझ्या हाती गाडी यायची तोवर ऊन चढलेलं असायचं, तेल पातळ झालेलं असायचं, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं. मिस्त्रीनं क्लचचा पंप उघडला. आतले रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते.

"याच्यात इंजिन ऑइल कोनं टाकलं?"

मीच. दिवाळीत दुकानं बंद होती. क्लचच्या डबीतलं तेल उतरलेलं दिसलं आणि सीटखालच्या बाटलीतलं ओतलं. तिथं ब्रेक ऑइलच लागतं हे मला माहीत होतं. एका खेपेपुरतं चालेल, नंतर काढू, असं म्हटलं आणि विसरलो.

रबर बदलले, पेडल मऊ झालं. त्याच दिवशी त्याचं पातूर गाठायला हवं होतं. पण त्याला परत बोलवायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं. उद्या जाऊ म्हणत राहिलो. पुढं त्यानं किराण्याचं दुकान टाकलं. मुलं त्याला सायकलला हात लावू देत नाहीत, असंही कानावर आलं. मग तर जाणं आणखीच जड झालं.

या हिवाळ्यात गेलो. तो दारात उन्हाला बसला होता.

"जय भीम, भाऊ! रस्ता भुलले का?"

भाभींनी चहा आणून दिला. कप तसाच ठेवून मी सगळं सांगितलं. तो आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"म्हंजे पाय चांगला होता?"

"थोडा दुखत असंल. पण गेला नव्हता."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटली, भाई."

"तुमाले लाज वाटली," तो म्हणाला, "अन् मी इथं बसून राहिलो."

त्यानं दाराकडे हात केला.

"आता आत जा. तिले सांगा. पोरं येतीन, त्याइलेबी सांगा. माह्या तोंडून त्याइले खरं नाही वाटनार."

मी चुलीजवळ उभं राहून भाभींना सांगितलं. त्या भाकरी थापत राहिल्या. मुलं आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. धाकट्यानं विचारलं, "चाचा, मग अब्बा चालवू शकत होते?" मी हो म्हटलं. भाई बाहेर पाठमोरा बसला होता. त्याला ऐकू गेलं असणार.

निघताना "येतो, भाई," म्हटलं. त्यानं मान हलवली, पण पुन्हा या म्हणाला नाही. स्टँडवर अकोल्याची बस लागलेली होती. तो मागून येईल असं उगाच वाटत राहिलं, म्हणून मी ती जाऊ दिली.