बदलीवरचा पाचवा नंबर

ट्रायथलॉन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे दोन्ही गुडघे बदलून झाले होते. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, असं सुनेनं समजावून सांगितलं. मी म्हटलं, हे मी सोलापुरात बहात्तरच्या दुष्काळानंतर करून बसलोय. तिला वाटलं, म्हातारा फेकतोय.

तेव्हा मी एका कापड गिरणीत बदली कामगार होतो. बदली म्हणजे काय, तर रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असला तर विणकाम खात्याचे मास्तर बाहेर येऊन एकाला उचलायचे आणि त्याच्या यंत्रमागावर उभं करायचे. कुणी गैरहजर नसला तर आपण घरी. अशी तीन वर्षं झाली होती. बायको माहेरी, केम गावात होती. सासऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "जावईबापू, गिरणीत कायम व्हा, मग पोरगी न्या. तंवर न्हाय." मला राग आला होता, पण त्यांचं चूक नव्हतं. मागच्या खेपेला ती आली तेव्हा महिनाभर आम्ही भाकरी आणि शेंगाचटणीवर काढला होता, आणि शेवटचे चार दिवस चटणीही नव्हती.

गेटवर मास्तर काहीही विचारायचे, आम्ही हात वर करायचो. प्रश्न ऐकत बसलं तर दुसऱ्याचा नंबर लागायचा. एक दिवस मास्तर आले, काहीतरी म्हणाले, मी हात वर केला. मग कळलं, त्यांनी विचारलं होतं, पोहता कुणाला येतं.

गावातल्या गिरण्यांची शर्यत ठरली होती. तलाव पोहून पार करायचा, तिथून सायकलवर नाक्यापर्यंत जाऊन यायचं आणि मग गिरणीच्या गेटपर्यंत पळायचं. आमच्या गिरणीतर्फे ज्याचं नाव दिलं होतं तो चांगला पोहणारा, अंगानं रेड्यासारखा, आणि गिरणीत कायम. त्याला कावीळ झाली. नाव बदलता येत नव्हतं. "त्याच्या नावावर तू जा," मास्तर म्हणाले. "पहिल्या पाचात आलास तर तुझं बघतो." म्हणजे शर्यतीतसुद्धा मी बदलीच.

तयारीला पंधरा दिवस होते. पोहायला मी गावाकडच्या विहिरीत शिकलेला, पाठीला वाळका भोपळा बांधून. सायकल शेजारच्या दूधवाल्याची, मागं किटल्या अडकवायचे दोन आकडे असलेली. पळायचा सराव वेगळा करावा लागला नाही. भोंग्याच्या आधी पोचायचं म्हणून भवानी पेठेतून गेटपर्यंत मी रोजच पळत होतो.

शर्यतीच्या दिवशी पाण्यात उडी मारली आणि जोरात निघालो. बराच वेळ हात मारल्यावर डोकं वर काढलं तर समोर तोच काठ, जिथून उडी मारली होती. विहिरीत माणूस गोल पोहतो. भिंतीच्या कडेकडेनं, डाव्या हाताला. मला सरळ पोहायचं माहीतच नव्हतं. होडीतला माणूस शांतपणे म्हणाला, "पावणं, तलाव तिकडं हाय." मग तो होडी माझ्या डाव्या अंगाला घेऊन चालला, आणि मी तिला विहिरीची भिंत समजून पलीकडे पोचलो. पाण्यातून बाहेर पडणारा मी शेवटचा.

सायकलवर दोन-तीन गडी मागं टाकले. उतरताना चड्डी किटलीच्या आकड्यात अडकून मागून फाटली. त्यामुळे पळताना मागं कुणी जवळ राहू नये एवढंच डोक्यात होतं, आणि मागं असलेले सगळे हसण्यात दमले. पुढचेही काही गळले. गेटवर आमची बदलीची पोरं उभी होती, ती त्या कावीळवाल्याच्या नावानं ओरडत होती. तसंच ओरडायचं असं मास्तरांनी बजावलं होतं. मी पाचवा आलो.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "साहेबापुढं कागद ठेवावा लागतो. कागदावर नाव त्याचं हाय." माझं डोकं फिरलं. पण भोंगा व्हायचा होता आणि माणसं तेच उचलणार होते, म्हणून गप्प बसलो. त्यांनाही थोडं वाटलं असावं. म्हणाले, "तो आजारी हाय तंवर त्याच्या मागावर तूच उभा राहा. सलग तीन महिने भरले तर तुझं नाव वर पाठवतो."

काविळीला महिना, फार तर दीड. हे मलाही माहीत होतं. शर्यतीत मिळालेलं, त्याच्या नावाचं प्रमाणपत्र मी त्याला दिलं नाही, गादीखाली दाबून ठेवलं. दीड महिना झाला, दोन झाले, तो काही येईना. मी रोज सकाळी देवाला म्हणायचो, त्याला बरं कर, पण सावकाश. हे आज लिहितानाही लाज वाटते.

अडीच महिन्यांनी मला राहवेना. जीव धास्तावला होता, आणि माणूस खरंच दगावतोय की काय अशीही भीती होती. प्रमाणपत्र घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो दारातच बसला होता. पुढ्यात ताटलीभर कांदाभजी. काविळीच्या माणसाला तेलाचं बोट लावू देत नाहीत. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. दुधासारखे पांढरे.

"बस की," तो म्हणाला. "अजून पंधरा दिवस मी आजारी हाय."

रजा बिनपगारी होती, त्याच्या घरात खाणारी तोंडं पाच. मी तिथंच दारात बसून रडलो. त्यानं ताटली माझ्याकडे सरकवली आणि प्रमाणपत्र वाचत बसला.

तीन महिने भरले, मी कायम झालो, बायको आली. पहिल्या सुट्टीला मी तिला त्याच्याकडे घेऊन गेलो. भिंतीवर ते प्रमाणपत्र नुकत्याच गावाहून आलेल्या त्याच्या आईनं फ्रेम करून लावलं होतं. बायको चौथी शिकलेली, तिनं अक्षर लावून लावून सगळं वाचलं.

"भावजी, तुमी पाचवं आलता व्हय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याची आई चहा गाळत होती.

"व्हय," मी म्हटलं. "लई पळालं ते."